शकूआत्याची एकुलती चाल

आमच्या महाडात लग्न ठरलं की आधी कार्यालय बघायचं, मग आचारी आणि मग शकूआत्याकडे जायचं, असा क्रम होता. भटजी त्यानंतर. भटजी काय, मिळतात. पण दोन्हीकडच्या आज्या, मामे, थोरल्या जावा आणि मुंबईहून येणारे मानी काका या सगळ्यांची नावं मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडितात बसवून देणारी बाई एकच होती. तिच्यापुढे बसून नावं सांगायची आणि गप्प राहायचं. ती छताकडे बघत डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि मधेच विचारायची, "हे त्र्यंबकमामा घरात काय म्हणून ओळखले जातात? तात्या? मग तात्याच घालते. त्र्यंबक पोटाला घट्ट होतोय."

ती माझी कुणी आत्या नव्हे. तळ्याकडून बाजारात जाणाऱ्या आमच्या गल्लीत भावाच्या घरी राहायची. भाच्यांची आत्या, म्हणून गल्लीची आत्या. मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर शिवण शिकवलं, त्यामुळे गावातल्या अर्ध्या बायका तिला 'बाई' म्हणत आणि रस्त्यात भेटल्या की आपली शिवण उसवलेली नाही ना, हे आधी चाचपत.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातली गोष्ट सांगते. मुलाकडचे नावं देताना मुलाच्या थोरल्या काकांचंच नाव विसरले होते. धोंडोपंत त्यांचं नाव. आपण मंगलाष्टकात नाही हे त्यांना कार्यालयात कुठूनसं कळलं, आणि ते शेवटच्या रांगेत खुर्ची उलटी फिरवून बसले. अक्षता हातात घेईनात. मुलाची आई रडकुंडीला आली. मुहूर्ताला जेमतेम वेळ उरलेला. अंतरपाटाशी उभ्या असलेल्या आत्याच्या कानात कुणीतरी हे सांगितलं. तिनं मान हलवली, एवढंच. तिची पाळी आली तेव्हा लिहिलेलं सगळं नीट म्हटलं आणि श्वासही न घेता पुढची ओळ लावली, "धोंडोपंत उभे प्रसन्न हसरे, घेऊन हाती फुले."

सगळं कार्यालय मागे वळलं. धोंडोपंत बसलेले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, हात रिकामे. आता करतात काय? उठून उभे राहिले. शेजारच्यानं गजऱ्यातली चार फुलं काढून त्यांच्या हातात कोंबली. राहिलं होतं फक्त हसणं, तेही आलं. नंतर मी पंगतीत आत्याला विचारलं, हे सुचलं कसं? वाटीतली बासुंदी न सोडता ती म्हणाली, "अगो, धोंडोपंत. वृत्ताला सुरुवातीला लागतात ते तीन गुरू आईबापांनी आयते दिलेत. मी काय केलं त्यात?"

तिच्या शिवणाच्या तासाला मी बसलेली आहे. ब्लाउज अंगावर टाचताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि बोलणं तर बंद व्हायचं नाही. मग ती ओठ मिटावे लागणार नाहीत असेच शब्द वापरायची. प, फ, ब, भ, म सगळे वर्ज्य. 'मान वर कर' म्हणायचं नाही, 'गळा ताठ कर' म्हणायचं. 'पाठ सरळ' नाही, 'कणा ताठ'. हे ती विचार करून करत नव्हती, जिभेलाच सवय झाली होती. टाचणी एकदाही पडली नाही. आणि त्याच सवयीनं तिला दुसऱ्यांचे ओठ वाचता यायचे. मागच्या बाकावर कुणी काही कुजबुजलं की चष्म्यावरून बघत ती ते जसंच्या तसं म्हणून दाखवायची. "ऐकलं नाय गो," असं वर सांगायची, "दिसलं."

शब्द असे नेमके असले, तरी चालीच्या बाबतीत मात्र आत्या आणि आमचं सगळं गाव बेफिकीर होतं. डोहाळजेवण असो, बारसं असो, शाळेचं स्वागतगीत असो की भजनी मंडळाचा नवा अभंग असो, चाल सिनेमाची आणि शब्द आत्याचे. नटीनं बागेत झाडाभोवती फिरत म्हटलेल्या चालीवर आमच्याकडे दत्ताची आरती व्हायची आणि बुवा डोळे मिटून डोलायचे. शब्द बदलले की गाणं आपलं झालं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. चालीला कुणी धनी असतो, हे आमच्या गल्लीच्या ध्यानीमनी नव्हतं. ही समजूतच पुढे आत्याच्या अंगाशी आली.

सुनंदा ही आत्याची लाडकी विद्यार्थिनी. शिवथरच्या बाजूच्या खेड्यातली, बऱ्यापैकी भातशेती असलेल्या घरातली मुलगी. शिकायला महाडात नातेवाइकांकडे राहिली होती. शिवणात अगदीच दगड, पण गाताना आणि नाटकात काम करताना तिच्याकडे बघतच राहावं. लग्न होऊन पोलादपूरला गेली, तिथून नवऱ्याबरोबर मुंबईला, आणि मुंबईत छोटी छोटी कामं करायला लागली. मुलीच्या बारशाला ती पोलादपूरला आली तेव्हा पाळणा अर्थातच आत्यानं लिहिला. मुलीचं नाव मुक्ता.

नीज गो मुक्ते, नीज गो बाय,
डोंगर निजला, जागा तो काय?
पाण्याच्या पोटी मासोळी निजली,
मुक्तेची पापणी मिटायची हाय.

चाल त्या वर्षी गल्लोगल्ली वाजणाऱ्या एका सिनेमातल्या गाण्याची. कोणत्या ते सांगत नाही. गाण्यांच्या परवानग्या मागत फिरण्याची माझी नोकरी सुटली तरी काही सवयी सुटत नाहीत.

पुढे सुनंदाला एका मालिकेत थोरल्या सुनेचं काम मिळालं. मोठं नव्हतं. सगळ्या मालिकेत तिच्या वाट्याला धड एकच प्रसंग आला. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन झोपवायचं. दिग्दर्शक म्हणाला, कुठलीही अंगाई म्हण. तिनं ही म्हटली. वाजंत्री नाही, पेटी नाही, नुसता तिचा आवाज. नावही बदललं नाही, मुक्तेचंच ठेवलं. त्या संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या घरी टीव्हीपुढे बसली होती. आपले शब्द टीव्हीतून ऐकू आल्यावर आत्या काठीसारखी ताठ झाली. संपल्यावर म्हणाली, "तिसऱ्या ओळीत श्वास चुकला तिचा," आणि पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर थोड्याच काळात सुनंदा आजारी पडली आणि गेली. मुक्ताला आई आठवण्याचं ते वय नव्हतं. वडिलांनी मुंबईत दुसरा संसार मांडला. पोर पोलादपूरला आजीआजोबांकडे वाढली. आत्याच्या भावानं तो प्रसंग टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घेतला होता, पण ती कॅसेट एका पुरात गेली. पुरात काय काय गेलं ते महाडात कुणी आठवत बसत नाही. चिखल उपसायचा आणि भिंतीला चुना लावायचा.

मी मुंबईत ज्या कंपनीत होते, ती जुन्या मालिका डीव्हीडीवर आणायची. लोकांना वाटतं, यात काय आहे, टेप घ्यायची आणि तबकडी काढायची. तसं नसतं. मालिका टीव्हीवर लागली तेव्हा गाणी वाजवायची परवानगी वाहिनीनं घेतलेली असते, ती फक्त दाखवण्यापुरती. तीच मालिका तबकडीत घालून विकायची, तर प्रत्येक गाण्याच्या धन्याला नव्यानं विचारावं लागतं. कुणी हो म्हणतं, कुणी नाही म्हणतं, कुणी उत्तरच देत नाही. नाही म्हटलं की ते गाणं काढायचं. चहाच्या टपरीवर मागे रेडिओ वाजत असला तरी काढायचा. वरातीत बँड असला तर बँड काढायचा आणि दुसरं काहीतरी बिननावाचं वाजवायचं. त्यामुळे आमच्या तबकड्यांतले नवरदेवाचे मित्र तालाला सोडून नाचतात. बघणाऱ्यांना वाटतं, दारू प्यायलेत.

हे विचारत फिरण्याचं काम माझं होतं. आणि एक दिवस सुनंदाची मालिका माझ्या टेबलावर आली.

मी धन्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, आर्जवं केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आमच्या चालीवर दुसऱ्याचे शब्द आम्ही तबकडीत येऊ देत नाही. आमच्या साहेबांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर तो प्रसंग कापायचा. नाहीतर सुनंदाचा आवाज बंद करून वर बासरीबिसरी सोडायची, बाई नुसते ओठ हलवत बसेल. पुढच्या आठवड्यात तबकडी छापायला जाणार होती. मी शनिवारी गाडी पकडून महाडला आले.

आत्या काजं करत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टीव्हीवर चाललं, मग तबकडीत का नाय?"

"लग्नात जेवायला बोलावलं म्हणून डबा भरून न्यायचा नसतो, आत्या."

"आमच्याकडं भरून देतात," ती म्हणाली. पण हसली नाही. सुई तशीच कापडात राहिली. "म्हणजे माझ्यामुळं. मी त्या पोरीला उसनं लुगडं नेसवून टीव्हीवर धाडली, आणि आता मालक आला मागायला."

असं काही नाही, म्हणून मी समजूत घालायला गेले. तिनं हातानंच गप्प केलं. "मुक्ताला सांगितलंस?"

मुक्ताचं पोलादपूरला हमरस्त्यावर औषधाचं दुकान होतं. कशेडी घाटात दरड आली की अडकलेल्या ट्रकवाल्यांची डोकेदुखीच्या गोळ्यांसाठी तिच्या दारात रांग लागायची. मुलगी कमी बोलणारी, कामाला वाघ. आम्ही दोघी रविवारी तिच्याकडे गेलो. मी लॅपटॉपवर तो प्रसंग आणला होता, कारण तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांवर बसून आम्ही तो लावला.

सुनंदा बाळाकडे बघत गात होती. शेवटच्या ओळीला बाळानं तिचं मंगळसूत्र पकडून ओढलं. 'मुक्तेची पापणी' म्हणता म्हणता ती थांबली, खुदकन हसली, मंगळसूत्र सोडवलं आणि ओळ पुरी केली. मुक्तानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग म्हणाली, "परत लावा." परत लावलं. "माझं नाव घेते ती," मुक्ता म्हणाली.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कापू नका. मला बाकी काय नको. तेवढा भाग राहू दे. लोकांच्या घरात आई असू दे."

आत्या तोवर आवाज बंद करून एकटीच पडद्याकडे बघत होती. चष्मा नाकावर, अंगठा पेरांवर. मधेच उठून तिनं मुक्ताच्या टेबलावरच्या टाचण्या घेतल्या आणि ओठांत धरल्या. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. ती सुनंदाबरोबर मनातल्या मनात ओळी म्हणत होती आणि कुठे कुठे टाचण्या पडतात ते बघत होती. मुक्ते, बाय, पाण्याच्या पोटी, मासोळी, पापणी. जिथे ओठ मिटतात तिथे टाचणी टपकन मांडीवर. शेवटी तोंड मोकळं करून म्हणाली, "सुमे, शब्द हलवता यायचे नाहीत. पण शब्द माझे आहेत, ते राहतील. ओठांवर लघुगुरू दिसतात, सूर दिसत नाही. त्याच मापात चाल नवी बसवली तर तिचे ओठ खोटे पडायचे नाहीत."

मला नोकरीत इतकी वर्षं झाली होती. गाणी काढणं आणि बदलणं यापलीकडे माझी अक्कल गेली नव्हती.

"पण म्हणणार कोण?" मी विचारलं.

"माझा आवाज आता मडक्यासारखा झाला. ही म्हणेल."

मुक्ता दचकली. "मला गाता येत नाय, आजी."

"तुझ्या आईला काजं येत नव्हती. करवून घेतली की नाही?"

मुक्ता एकदम, भांडल्यासारखं म्हणाली, "आज तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला मी. आणि आता मीच माझ्या तोंडानं तिला गप्प करायची?"

आत्यानं तिचा हात धरला. "गप्प नाय गो. आईचा ब्लाउज लेकीच्या अंगाला बसवताना आपण आईला टाकतो का? शिवण जरा आत घेतो. कापड तेच असतं." मुक्ता रडायला लागली, आणि आत्यानं तिला रडू दिलं.

महाडला परत आल्यावर आत्या चाल करायला बसली आणि तिथे घोडं अडलं. ती चाल करायची, आणि माझी आई नि जनाबाय तपासायच्या. जनाबाय म्हणजे आमच्याकडे खेड्यातून भाजी घेऊन येणारी. तिनं न पाहिलेला सिनेमा अजून निघायचा होता. आत्या गुणगुणायची, जनाबाय मान वाकडी करून ऐकायची आणि निकाल द्यायची. "ही त्या पिच्चरमधली हाय. ती नाय का, गच्चीवर पतंग उडवतात." दुसरी म्हटली. "ही पन हाय. मधी जरा वाकडी केली तुमी, पन हाय तीच." तिसरीला आई म्हणाली, ही तर आपली हळदीकुंकवाची, म्हणजे मूळची त्या अमक्या सिनेमातली. आत्या चिडेना, वाद घालीना. जी चाल ओळखीची निघेल ती टाकायची. टाकता टाकता दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर ती मशीनवर डोकं टेकून बसलेली. मला बघून म्हणाली, "सुमे, मला चाल करता येत नाही गो. जन्मभर लोकांच्या पाळण्यात माझी पोरं झोपवली. माझा स्वतःचा पाळणाच नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हरलेली पाहिली, आणि मला तिच्याहून जास्त भीती वाटली. ती हरली तर आम्ही कुणाकडे बघायचं?

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, राहू दे आता, माझ्या बाहीची शिवण उसवलीय तेवढी घाल. ती लगेच उठली. काम दिसलं की तिच्यानं बसवत नसे. वीज गेलेली, पंखा बंद, खिडकीशी उभी राहून ती सुईत दोरा ओवत होती. म्हाताऱ्या डोळ्यांना नेढं सापडत नव्हतं. दोरा पुढे जायचा, चुकायचा, पुन्हा ओठांत ओला करून पुढे. आणि ती गुणगुणत होती. शब्द नव्हते, पण माप तेच होतं, मी ओळखलं. सूर वर जायचा, नेढ्याशी येऊन थबकायचा आणि हळूच खाली यायचा.

"आत्या, काय म्हणतेयस?"

"कुठं काय? दोरा जात नाय मेला."

"परत म्हण."

तिला ते परत म्हणता येईना, कारण म्हटल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मग मीच माझ्या बेसूर गळ्यानं ते तिला म्हणून दाखवलं. तिनं डोळे मिटले, पेरांवर अंगठा ठेवला, आणि त्यावर शब्द चढवले. नीज गो मुक्ते, नीज गो बाय. कुठे घट्ट नाही, कुठे सैल नाही.

जनाबायला बोलावलं. ती ऐकून गप्प. आईही गप्प. आत्या परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी दोघींच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी जनाबाय म्हणाली, "कुठली ती नाय सांगता येत, बाई. ऐकलेली नाय कधी. पन माजी वाटते." आत्यानं तिच्या टोपलीतली सगळी भाजी विकत घेतली. त्या रात्री आमच्या गल्लीत घरोघर माठाची भाजी होती.

मुक्ताला तिनं दुकानातच शिकवलं. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गोळ्या द्यायच्या, परत सुरू. मुक्ताचा आवाज काही फार गोड नव्हता. पण सुनंदाच्या आवाजाच्या तळाशी जी एक खरखर होती, ती तिच्यातही होती. साहेबांना मी आधी फोन केला होता, त्यांनी एक दिवस वाढवून दिला होता.

मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आत्या पहिल्यांदाच गेली, पण वावरली अशी की खोली तिच्या भावानंच बांधलेली असावी. मुक्ताच्या पाठीमागे उभी राहून ती तिच्या पाठीवर बोटांनी लघुगुरू वाजवत होती. समोर पडद्यावर सुनंदा. मुक्ता गायला लागली आणि यंत्रावर बसलेले गृहस्थ, इतकी वर्षं हेच काम केलेले, खुर्चीत पुढे सरकले. आवाज आणि ओठ यांच्यात कुठे फट म्हणून दिसत नव्हती. तिसऱ्या ओळीत सुनंदा जिथे श्वास चुकली होती, तिथे मुक्ताही तशीच श्वास चुकली. ते आत्यानं मुद्दाम शिकवलं होतं.

अडलं ते हसण्यापाशी. शेवटच्या ओळीत सुनंदा हसते, तिथे मुक्तानं हसायचं होतं. ती हसली, ते खोटं निघालं. पुन्हा हसली, आणखी खोटं. मग तिला हसूच येईना. यंत्रावरचे गृहस्थ म्हणाले, दुसरं कुणाचंही हसू लावू, आमच्याकडे पुष्कळ आहेत. आत्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

मग ती मला म्हणाली, "चाल त्यांची, बरोबर?"

"हो."

"ती आपण काढली. हसू कुणाचं?"

"सुनंदाचं."

"हसण्याला चाल असते?"

वाजंत्री नव्हती. नुसता आवाज. गाणं थांबतं, ती हसते, गाणं सुरू होतं. मी आमच्या वकीलसाहेबांना फोन लावला आणि विचारलं. ते म्हणाले, "हसणं म्हणजे संगीत नव्हे. ठेवा."

त्या तबकडीत आजही तसंच आहे. मुक्ता गाते, 'मुक्तेची पापणी'पाशी थांबते, सुनंदा स्वतःच्या आवाजात हसते, आणि मुक्ता उरलेली ओळ पुरी करते. ऐकणाऱ्याला कळत नाही. आम्हाला कळतं. हे सगळं जुळल्यावर त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुक्ता उठून पडद्याजवळ गेली आणि तिथेच उभी राहिली. आत्यानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. "लेकीला आईशी बोलू दे," म्हणाली. मोठी माणसं पाहिली आहेत मी, सभा गाजवणारी, पुस्तकं लिहिणारी. एवढं मोठं माणूस पाहिलं नाही.

सुनंदाच्या मूळ आवाजाची प्रत मुक्ताकडे आहे की नाही, हे मी इथे लिहिणार नाही.

तबकडीतल्या नावांच्या पाटीवर काय घालायचं, हे मी आत्याला भीतभीतच विचारलं. मला वाटलं, आतापर्यंत कुठल्याच मंगलाष्टकात तिनं स्वतःचं नाव घातलं नाही, तेव्हा नको म्हणेल. छे. "घाल," म्हणाली. "ठळक घाल. लोकांच्या चालीवर लिहिलं तेव्हा कुठल्या तोंडानं नाव घालणार होते? ही माझी आहे." आणि मग महिनाभर आमच्या गल्लीत कुणी तिची चाल गुणगुणलं की ती खिडकीतून विचारायची, "परवानगी घेतलीस?" भजनी मंडळाचे बुवा खरंच नारळ घेऊन परवानगी मागायला आले. तिनं नारळ ठेवून घेतला, चाल दिली आणि बजावलं, "दत्ताला लावा, चालेल. पण घाईनं म्हणू नका. निजवायची आहे ती."

गेल्या गौरींना मी तिला भेटले. डोळे आता जवळजवळ गेलेत. टाचण्या, सुई, सगळं सुटलंय. मुक्ता पोलादपूरहून येऊन-जाऊन असते. त्या दिवशी तिनं मोबाइलवर तो प्रसंग लावला आणि आत्याच्या उशाशी ठेवला. आत्याला पडदा दिसत नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती आणि अंगठा पेरांवर एकेक पुढे सरकत होता. नीज गो मुक्ते. नीज गो बाय. शेवटच्या ओळीत 'पापणी'शी अंगठा थांबला. सुनंदा हसली. तिचं हसणं पुरं होईपर्यंत आत्यानं अंगठा तिथेच धरून ठेवला, आणि मग पुढच्या पेरावर नेला.